पात्याच्या धारेवर कोण बसले त्याची हकीकत

श्री गडदेवतेस दंडवत घालोन, जे घडले तेच लिहावयाची बुद्धी मागोन लिहिले ऐसे जे, शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजितनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी, एका राज्यी एक डोंगरी गड होता, आणि गडापासोन डोंगराची धार निघोन, तीन शिखरे घेऊन, नालासारखी वळोन पुन्हा गडाच्या दुसऱ्या अंगास मिळत असे, आणि दोहों बाजूंस कडे ऐसे की खाली उडणाऱ्या घारीची पाठ दिसावी. गडावर निंबाजी नामे हवालदार होते. वय तिशीचे, तलवारीचे चांगले, बोलण्यात सर्वांचे पुढे. आणि धारेची राखण गोमा नाईक कोळी यांजकडे होती. ते साठीस आले होते, आणि ती नाईकी त्यांचे घरी तीन पिढ्या चालत आली होती. त्या साली महाराज गडावर आले आणि पुसिले की, "ही धार एका दिवसात अवघी फिरता येते की नाही? आपणांस येत असेल तर शत्रूसही येईल, मग चौक्या बसवाव्या लागतील." नाईक उत्तर द्यावयास पुढे जाहले, तोच निंबाजी बोलिले, "महाराज, उद्या दिवस मावळण्याचे आत मी फिरोन येतो." महाराज संतोषले आणि म्हणाले, "नाईकांस वाटाड्या म्हणोन बरोबर घ्या." निंबाजी तोंड फिरवोन हसले, परंतु बरोबर घेतले.

मग दुसरे दिवशी उजाडताच दोघे निघाले, आणि पहिले शिखर सहज चढले, आणि दुसऱ्यास सुट्या दगडांचा घसारा लागला तेव्हा नाईक म्हणाले, "हवालदार, दगड ओढू नका, दाबा. ओढलेला दगड हातात येतो." निंबाजी म्हणाले, "नाईक, मी काही आज चालावयास शिकत नाही." नाईक पुढे चढो लागले. मग दुसरे आणि तिसरे शिखर यांमध्ये पात्याची धार म्हणत ती जागा लागली. लांबी दोनशे पावले, रुंदी कोठे हातभर, कोठे वीतभर, आणि वारा आडवा. नाईकांनी पायांतील जोडे काढोन कमरेस बांधिले आणि पुढे गेले. निंबाजींनी जोडे काढिले नाहीत. अर्धी धार जाहली, आणि पायाखालचा एक दगड सुटला, आणि तो पडल्याचा आवाज बहुत वेळाने आला, आणि तो ऐकोन निंबाजी जागीच थांबले. मग घोड्यावर बसावे तैसे धारेवर बसले, एक पाय या दरीत, एक पाय त्या दरीत, आणि दोहों हातांनी खडक धरोन डोळे मिटिले. नाईक पैल टोकास पोचले होते, त्यांनी वळोन पाहिले आणि माघारी आले, आणि समोर तैसेच बसले.

निंबाजी म्हणाले, "नाईक, माझ्याने होत नाही."

"होत नाही तर बसू. मीही बसतो."

आणि नाईक आपल्या म्हशीची गोष्ट सांगू लागले, की ती अडली होती, आणि रेडकू पायांकडोन आले, आणि सारी आळी जमली. ऐसे ऐकता ऐकता निंबाजींचा श्वास ठिकाणी आला. मग नाईकांनी त्यांचे जोडे काढोन घेतले आणि म्हणाले, "आता डावा पाय मजकडे द्या," आणि तो तळहातावर घेऊन खोबणीत ठेविला, मग उजवा, मग डावा, ऐसे करीत पैल टोकास आणिले. तेथे निंबाजी नाईकांचे गळ्यात पडोन लहान मुलासारखे रडले.

दिवस मावळण्याचे आत दोघे गडावर आले. सदर भरली. महाराज हसोन म्हणाले, "माचीवरचा पहारेकरी सांगतो, एक असामी घटकाभर धारेवर बसली होती आणि दुसरीने पाय धरधरोन काढिली. लांबोन ओळख पटली नाही. ते कोण?" अवघी सदर हसली. निंबाजींचे सासरे तेथेच बसले होते. खरे सांगावे म्हणोन निंबाजी पुढे जाहले, परंतु बोलिले ते ऐसे, "महाराज, नाईकांचे आता वय जाहले." महाराज वळोन म्हणाले, "होय का, नाईक?" गोमा नाईकांनी निंबाजींकडे एकवार पाहिले, मग आपल्या पायांकडे पाहिले, आणि म्हणाले, "होय जी. वय जाहले."

मग निंबाजींस सोन्याचे कडे मिळाले, आणि नाईकांस शेला देऊन मानाने घरी बसविले, आणि नाईकी दुसऱ्याचे घरी गेली. आठवे दिवशी नाईक मुलेमाणसे घेऊन जावयाचे गावी खाली देशावर निघोन गेले. निंबाजी बुरुजावर उभे राहोन पाहात होते. हाक मारावी ऐसे तीन वेळा मनात आले, मारिली नाही.

दोन वर्षे गेली. निंबाजींस अन्न गोड लागेना. मग एके दिवशी घोडा काढोन त्या गावी गेले. नाईक जोंधळ्याचे शेतात माळ्यावर बसोन पाखरे हाकीत होते. निंबाजी खाली उभे राहोन म्हणाले, "नाईक, तुम्ही तेव्हा खरे का बोलिला नाहीत?"

"तुम्ही हवालदार. तुम्हांस खोटे पाडोन मी गडाखाली कोठे राहणार होतो?"

"मी महाराजांस सांगतो. तुम्ही परत या."

"सांगा. तुमचे मन हलके होईल. पण मजसाठी म्हणोन सांगू नका. दोन पावसाळे धारेवर पाय पडला नाही, आता तो तेथे ठरणार नाही."

आणि भाकरी खाऊन जा म्हणाले. निंबाजींनी भाकरी खाल्ली.

मग निंबाजी राजधानीस गेले आणि कडे महाराजांपुढे ठेवोन अवघे सांगितले. महाराज म्हणाले, "नाईकाने भर सदरेत स्वमुखे मान्य केले. आता फिरविले तर सदर काय म्हणेल? कडे उचला." निंबाजी उभे राहिले, आणि मग त्यांनी कडे उचलिले. याचा खेद त्यांस पात्याच्या धारेवर बसल्याहूनही अधिक जाहला, ऐसे ते शेवटपर्यंत म्हणत.

पुढे धारेवर चार चौक्या बसल्या, बहुत लोक फिरोन आले, दफ्तरात मात्र, धारेवर नाईक बसले, हे पहिलेच लिहिलेले राहिले. सारांश, धारेवर बसले ते निंबाजी हवालदार. त्यांस काढिले ते गोमा नाईक. इतके खरे जाणावे.