तीनदा विचारण्याचे धोरण

माणसाला काय हवं आहे हे जाणून घेण्याचा सर्वांत न्याय्य मार्ग म्हणजे त्याला विचारणे. विचारून झालं, उत्तर मिळालं, तारीख आणि सही झाली, की प्रगत समाजात तो प्रश्न निकाली निघतो. कधीकधी माणूसही निघतो.

माझ्या वडिलांना एका गुरुवारी सकाळी अकरा चाळीसला विचारण्यात आलं.

ते, मधुकर सोवनी, वय त्रेसष्ट, ऑकलंडच्या हेन्डरसन भागात एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होते. दुकान एका मोठ्या कंपनीचं होतं. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. (लिहू नये असं त्यांच्या वकिलांनी मला एकदाच सांगितलं, आणि मी एकदा सांगितलेलं ऐकते.) अकरा वर्षं बाबा त्या काउंटरमागे उभे राहून औषधं देत होते. वर्षभरापासून त्यांचे पाय सुजत. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर त्यांचे वळ राहत, आणि बाबा ते वळ इस्त्री बिघडल्यासारखे हाताने सारखे करत.

इथला कायदा चांगला आहे. आजार, वय, वंश यांवरून कामगारांत भेदभाव करू नये आणि प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यावी, असं तो सांगतो. कंपनीने त्यासाठी चार पानी विचारणा-पत्रक केलं होतं. शाखेच्या व्यवस्थापक ग्लेनिस ते घेऊन बाबांकडे आल्या. ग्लेनिसबद्दल आधीच सांगून टाकते: बाई चांगल्या आहेत. यामुळे पुढचं सगळं जास्त अवघड होतं.

"मधुकर, वुड यू लाइक अ चेअर?"

"नो नो, इट्स ओके," बाबा म्हणाले. "व्हाय ट्रबल."

"स्वीट अ‍ॅझ," (म्हणजे इथल्या बोलीत 'झकास') म्हणून ग्लेनिसनी पत्रकावर खूण केली. सोय देऊ केली, ११.४०. नाकारली, ११.४०. कंपनीत इतक्या जलद निकाल लागलेलं दुसरं पत्रक नाही.

त्याच पत्रकात वेदना एक ते दहा या मापावर सांगायची होती. बाबांनी दोन लिहिलं. परक्याच्या घरी ताटलीतले दोनच लाडू उचलावेत, या हिशेबाने ते दोन होतं. मला हे फाइल पाहताक्षणी कळलं. कंपनीला कळायला काही मार्ग नव्हता. तिच्याकडे लाडवांचं परिशिष्ट नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी सत्तावीस लोकांची औषधं काढली. एका आजींना इन्हेलर कसा ओढायचा ते रिकामा इन्हेलर तोंडाला लावून तीन वेळा दाखवलं. घरी जाताना कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणि ब्रेड घेतला. शुक्रवारी सकाळी त्यांच्या गुडघ्यामागच्या शिरेतली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली. उभं राहण्याचा त्याच्याशी संबंध होता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, होता असं सांगता येत नाही आणि नव्हता असंही सांगता येत नाही. (याला तज्ज्ञांचं मत म्हणतात. ते लेखी मिळतं.)

मी क्राइस्टचर्चला, रिकार्टनमध्ये राहते आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. कागद जिथले तिथे लावणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. तेव्हा अंत्यसंस्कार झाल्यावर मी तेच केलं. बाबांची फाइल मागवून घेतली. मला एकच गोष्ट शोधायची होती: बाबांना खुर्ची कोणी नाकारली?

फाइलप्रमाणे, बाबांनी.

आता आपल्याकडच्या नकाराची पद्धत तुम्हाला सांगण्याची गरज नाही, पण बाबा गेल्यावर कंपनीला मी ती लेखी दिली होती, तीच इथे उतरवते. पहिलं 'नको' हे नमस्कारासारखं असतं. त्यात माहिती नसते. दुसरं 'अहो खरंच नको' म्हणताना माणूस समोरच्याच्या हाताकडे पाहतो, वाढप्याचा हात मागे जातोय की तिथेच आहे ते. तिसऱ्या वेळी तो 'बरं, अगदी थोडं' म्हणतो आणि पोटभर जेवतो. या तीन पायऱ्यांमध्ये जो काही वेळ जातो त्याला आपण आग्रह म्हणतो. पहिल्याच पायरीवर भांडं उचलून नेणाऱ्या यजमानाबद्दल आपण काय म्हणतो तेही मी लिहिलं होतं. वकिलांनी ते वाक्य वगळलं.

बाबांनी त्रेसष्ट वर्षांत पहिल्याच विचारण्याला होकार दिल्याची फक्त दोन उदाहरणं माझ्याकडे आहेत. एक, लग्न (हे आईच्या म्हणण्यानुसार; बाबा मात्र शेवटपर्यंत म्हणत की दमयंतीने, म्हणजे आईने, दुसऱ्यांदा विचारल्यावर). दोन, न्यूझीलंडचा कायमचा व्हिसा, कारण त्या अर्जावर 'नको, कशाला' लिहायला चौकट नव्हती. सहा वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर त्यांना दुसऱ्यांदा विचारणारं घरात कोणी राहिलं नाही.

दुकानात मात्र एक जण होती. विभावरी, नाशिकची, बाबांच्या हाताखाली औषधं मोजून बाटल्या भरणारी मुलगी. तिने आदल्या महिन्यात डायपरचं एक भरलेलं खोकं काउंटरमागे ढकलून आणलं.

"काका, बसा."

"अगं राहू दे, कशाला."

"बसा म्हणते ना. नाही बसलात तर मी आज डबा उघडणार नाही. भेंडी आहे, सांगून ठेवते."

काका बसले. नऊ दिवस बसले. दहाव्या दिवशी सुरक्षा तपासणी झाली आणि खोकं 'अडखळण्याचा धोका' म्हणून हलवण्यात आलं. (अडखळणं हा अपघात आहे, त्याचा फॉर्म भरावा लागतो. उभं राहण्याचा फॉर्म नाही.) खोकं का आलं, याची चौकशी झाली म्हणून तर ते चार पानी पत्रक निघालं. म्हणजे यंत्रणा चालत नव्हती असं कोणी म्हणू नये.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत विभावरी ग्लेनिसकडे गेली. "आस्क हिम अगेन. ही मीन्स येस."

"नो मीन्स नो, लव्ह," ग्लेनिस म्हणाल्या. "त्याचं आम्हा सगळ्यांना ट्रेनिंग झालंय."

ते खरं होतं. ट्रेनिंग दोन दिवसांचं होतं आणि उत्तम होतं.

बाबा गेल्यावर विभावरीने तक्रार केली. तिचं म्हणणं सरळ होतं: ज्या माणसाच्या रीतीत तीनदा विचारतात त्याला एकदाच विचारणं हा भेदभाव आहे. कंपनीने ही तक्रार फारच गंभीरपणे घेतली. माउंट वेलिंग्टनच्या मुख्य कार्यालयात समिती बसली (समितीला खुर्च्या होत्या) आणि सात आठवड्यांत 'तीनदा विचारण्याचे धोरण' सर्व शाखांना लागू झालं.

सल्लागार म्हणून कंपनीने आपल्याच आयटी विभागातल्या धैर्यशीलला नेमलं. पात्रता: मराठी. तो कोल्हापूरचा असल्यामुळे समितीला जरा जास्तच मिळालं. त्याच्या मूळ मसुद्यात विचारण्याच्या पाच पायऱ्या होत्या आणि पाचवी 'माझी शपथ आहे' ही होती. शपथ घालणं म्हणजे दबाव का, यावर वकिलांनी अकरा दिवस विचार केला. शेवटी शपथ फक्त लेखी आणि दोन दिवसांची पूर्वसूचना देऊन घालता येईल असं ठरलं. संगणकावरचं विचारणा-पत्रकही धैर्यशीलनेच बदललं. 'नको'वर बोट नेलं की ते बटण जरा बाजूला सरकायचं.

"अरे, हे अति नाही का होत?" मी त्याला फोनवर विचारलं.

"ताई, आमच्याकडे याला सुरुवात म्हणतात," तो म्हणाला.

ग्लेनिस तर कमालीच्या तयार झाल्या. "गो ऑन, जस्ट अ स्मॉल चेअर. फॉर मी," असं त्या इतक्या मायेने म्हणत की माणसाला खुर्ची घेतली नाही तर त्यांच्या घरी काहीतरी होईल असं वाटावं. पहिल्या तिमाहीचा अहवाल माझ्याकडे आहे. हेन्डरसन शाखेत नऊ कर्मचारी. त्यांनी स्वीकारलेल्या खुर्च्या एकतीस, पाय ठेवायची स्टुलं चौदा, वर-खाली होणारी टेबलं सहा. सही घ्यायला आलेल्या कुरिअरवाल्याने एक भिंग नेलं. त्याची नजर चांगली आहे, पण त्याला तिसऱ्यांदा नाही म्हणवेना. काउंटरमागे खुर्च्या इतक्या झाल्या की आत जायला वाट राहिली नाही आणि सगळे फार्मासिस्ट बाहेरच्या बाजूला, गिऱ्हाइकांबरोबर, उभे राहू लागले. समाधान निर्देशांक शहाण्णव टक्के. (उरलेल्या चार टक्क्यांना आणखी दोनदा विचारण्यात येणार आहे.)

अडचणी आल्या, पण धोरणात त्यांना उत्तर होतं. खाली साउथलंडमधून आलेल्या एका कर्मचाऱ्याला खरोखरच काही नको होतं. त्याने तसं घसा बसेपर्यंत सांगितलं. शेवटी त्याच्यासाठी 'खरा नकार प्रमाणपत्र' ही सोय झाली. ते डॉक्टरकडून दर सहा महिन्यांनी आणायचं. त्याहून नाजूक प्रकरण हेंकचं. हेंक जन्माने डच. त्याला ग्लेनिसनी कानाला लावायचं श्रवणयंत्र हवं का विचारलं, तो "येस" म्हणाला आणि त्याला ते मिळालं. महिन्याभराने त्याने तक्रार केली: इतरांना तीनदा विचारतात, मला एकदाच विचारलं. समितीने नोंदी पाहिल्या. तक्रार खरी निघाली. हेंकला त्याच्या वाट्याचे दोन प्रश्न मिळालेच नव्हते. तेव्हापासून, पहिल्यांदाच 'हो' म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याला आधी दोनदा 'नको' म्हणण्याची विनंती केली जाते. हेंकला ते जड जातं. विभावरी त्याला शिकवते.

"तसं नाही हेंक, मान अशी तिरकी. अँड से, व्हाय ट्रबल."

हे मला तिने फोनवर सांगितलं आणि आम्ही दोघी हसलो, आणि मग ती म्हणाली, "काकांसारखं कोणालाच जमत नाही पण."

वर्षश्राद्धाच्या आठवड्यात कंपनीने मला बोलावलं. धोरणाला बाबांचं नाव द्यायचं होतं. मुख्य कार्यालयाच्या सभागृहात कार्यक्रम होता. किया ओरा, म्हणजे माओरी नमस्कार, झालं, एका संचालकांनी बाबांना 'आमचा मूक शिक्षक' म्हटलं आणि सोसायटीच्या कमिटीसारख्या दिसणाऱ्या नऊ माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होते. माझ्या मांडीवर फाइल होती. तिच्यात एक वर्षभर मी अपराधी शोधला होता, आणि एव्हाना माझ्याकडे छान यादी होती: पत्रक, ट्रेनिंग, तपासणी, ग्लेनिस.

ग्लेनिस माझ्याजवळ आल्या. अंत्यसंस्काराच्या दिवशी त्या माझ्यासमोर रडल्या होत्या. "आय डिड आस्क," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आणि मी म्हटलं होतं, हो.

"वुड यू लाइक टु से अ फ्यू वर्ड्स?"

"नो, आय'म ऑल गुड."

"जस्ट अ फ्यू?"

"रिअली, नो."

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. त्यांनी माझा हात धरला आणि नुसत्या उभ्या राहिल्या. हे धोरणात नव्हतं आणि धैर्यशीलनेही शिकवलेलं नव्हतं. मी उठले.

मी मराठीत बोलले. 'दिवंगतांच्या कन्येने मातृभाषेत आभार मानले' असं इतिवृत्तात आहे. सभागृहात ते कळणारे दोघेच होते, आणि त्या दोघांनी भाषांतर केलं नाही. तुम्हाला भाषांतर लागणार नाही. पण तुमच्याशी बोलताना घरातलं कोण, कधी, 'नको, कशाला' म्हणालं आणि तुम्ही 'बरं' म्हणून फोन ठेवलात, ते आठवायला हवं तर एक मिनिट घ्या. धोरणात तशी तरतूद आहे.

मी म्हणाले: "त्या गुरुवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ग्लेनिसनी मला फोन केला होता. विभावरी त्यांच्याशी बोलली होती ना, म्हणून. म्हणाल्या, तुझे बाबा खुर्ची नको म्हणतात, पण ते खरंच नको आहे का? मला माहीत होतं. लहानपणी परक्यांच्या घरी उचललेल्या दोन लाडवांपासून माहीत होतं. पण हवी म्हटलं असतं तर बाबांना वाटलं असतं, लेकीने आपल्याला म्हातारं ठरवलं. मग त्यांची समजूत काढा, दोन दिवस रजा टाका, वर ऑकलंडला या. माझ्यासमोर पुस्तकांची गाडी भरलेली होती. मी म्हटलं, ही'ज ऑल गुड. ग्लेनिसनी ते फाइलमध्ये लिहिलं नाही. वर्षभर लिहिलं नाही.

बाबा, तुमची खुर्ची मी नाकारली."