बाळारामशेठकडे भाव करावा लागतो

बाळारामशेठच्या मेडिकलात तुम्ही पाकिटावरची किंमत वाचून तेवढे पैसे गुपचूप काढून दिलेत, तर तुम्हाला औषध मिळत नाही. शेठ गोळ्या परत खोक्यात ठेवतात, हाताची घडी घालतात आणि म्हणतात, "भाव करा."

नवा माणूस गोंधळतो. "शेठ, किंमत छापलीय ना त्यावर?"

"छापलीय म्हणून काय झालं? लग्नपत्रिकेत आहेर आणू नये असं पण छापतात."

आमचं टोकावडे मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. एसटी थांबते तिथेच शेठचं मेडिकल, आणि त्याला लागून आमची चहाभज्यांची टपरी होती. आमचे मालक वारले, माझे गुडघेही गेले, मग टपरी बंद केली. पण पंचवीस वर्षं शेजार केलाय, म्हणून अधिकारानं लिहिते. शिक्षण माझं चौथीपर्यंत. पुढचं सगळं भजी बांधायच्या रद्दीवर वाचलंय, त्यामुळे जगातल्या पुष्कळ गोष्टी मला अर्ध्या अर्ध्या ठाऊक आहेत.

शेठ अंगानं काटकुळे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक कधीच उठत नाही. मागे भिंतीवर फार्मसीचं सर्टिफिकेट, त्याच्या खाली सुमनवैनींचा फोटो. वैनींना जाऊन नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही. हे भाव करायचं खूळ त्यानंतरचं. आम्ही म्हटलं, एकटा पडलेला माणूस काही तरी धरून बसतोच. कुणी मांजर पाळतं, यांनी हे पाळलं.

एकदा मुंबईचे एक फार्महाऊसवाले साहेब आले. पित्ताच्या गोळ्या घेतल्या आणि मोबाईल काढून स्कॅनरपुढे धरला. शेठनं स्कॅनरवर पंजाच ठेवला.

"आधी भाव करा."

"काका, एमआरपी आहे ना?"

"ती त्यांनी एकट्यानं बसून ठरवली. एकट्यानं ठरवला तो भाव नाय, हुकूम हाय. भाव दोघांत ठरतो."

साहेब ओशाळले. म्हणाले, "बरं, पाच रुपये कमी करा."

"पाच?" शेठचा आवाज चढला. "आत्ता त्या कोपऱ्यावरच्या बाईकडनं शेवळांच्या भाजीच्या जुडीमागं दहा कमी करून घेतलेत, मी बघत होतो. ती पहाटे उठून डोंगर उतरून आलीय. तिच्याशी दहा आन माझ्याशी पाच? माझी काय इज्जत हाय का नाय?"

शेवटी साहेबांना चाळीस रुपये सुटले, पण एका अटीवर. त्यातले दहा त्या बाईला नेऊन द्यायचे. साहेब गेले आणि खरंच देऊन आले. बाईनं नोट उलटीसुलटी करून पाहिली. तिला वाटलं, मुंबईचा माणूस उन्हानं बिघडला.

मी एकदा विचारलं होतं, "शेठ, एवढं आहे तर सरळ खरी किंमत पाटीवर लिहून मोकळे का होत नाही?"

"लिहिली होती, आक्का. तुमीच तेव्हा म्हणालात, एवढं स्वस्त म्हणजे माल नकली असेल."

मी म्हणाले होते खरं. सगळेच म्हणाले होते. छापलेत नव्वद आणि हा पंचवीसला देतोय म्हटल्यावर माणसं पाकीट नाकाला लावून हुंगायची. महिनाभर दुकानात चिटपाखरू फिरकलं नाही. पण तेच पाकीट नव्वदवरून भांडून पंचवीसला आणलं की विजयानं घेऊन जायची. शेठ म्हणायचे, "फुकट दिलेल्या खऱ्यावर इस्वास नाय बसत. भांडून घेतलेल्यावर बसतो."

पण त्यांचा खरा राग छापणाऱ्यांवर नव्हता. तो होता गोळ्या कमी मागणाऱ्यांवर. डोंगरवाडीची बुधीबाई, जी बाजारात करवंदांच्या वाट्यासाठी पोलीस पाटलाला रडवेल, ती मेडिकलच्या फळीपुढे आली की मांजर व्हायची. डॉक्टरनं पाच दिवसांच्या गोळ्या लिहिलेल्या. ती पदराची गाठ सोडायची, चाचपायची आणि म्हणायची, "शेठ, दोन दिसाच्याच दे गोल्या. दोन दिसानं बरं वाटंल."

आणि शेठ भडकायचे. "भाव पाडायचा सोडून आजार पाडतेस होय गो? तो काय भेंडी हाय अर्धा पाव द्यायला? अर्ध्या गोळ्या घेशील तर आजार पण अर्धाच जाईल. भाव कर माझ्याशी!"

"औषदाचा कुटं भाव करतात?"

"करवंदांचा करतात ना? मग कर!"

तिला त्यांनी शिकवलं हो, बाराखडी शिकवावी तसं. आधी माल बघून नाक मुरडायचं. मग निम्म्याच्या खाली बोलायचं. दुकानदार नाही म्हणाला की पाठ फिरवायची आणि चालू पडायचं, मागे बघायचं नाही. "दहा पावलं चालायची. दहाच्या आत हाक येते. आलीच पायजे. ती नाय मारली तर तो दुकानदार कसला?" पुढच्या खेपेला बुधीबाईनं गोळी डोळ्याजवळ धरून विचारलं, "यात काय सोनं हाय? पीठच ना?" शेठला इतका आनंद झाला की मला टपरीतून दोन चहा आणायला लावले.

मला मात्र त्यांचा कधी कधी वैताग यायचा. मी तोंडावर सांगायची, "शेठ, माणूस तापानं फणफणलाय, त्याला कुठे वाद घालायला लावता? आणि तुम्ही चार पैसे मिळवलेत तर काय पाप आहे का?"

"मिळवतो की. बारा महिने जेवतो, भुका नाय राहत. पण किती मिळवतो ते समोरच्याला ठाऊक असावं, एवढंच."

मग दोन वर्षांपूर्वी समोर नवं मेडिकल झालं. काचेचं दार, आत गारवा, आणि पाटीवर हातभर अक्षरांत, सगळ्या औषधांवर वीस टक्के सूट. तिथे बोलावं लागत नाही. चिठ्ठी द्यायची, पिशवी घ्यायची, निघायचं. पुढची एसटी चुकत नाही. हळूहळू सगळे रस्ता ओलांडून तिकडे जायला लागले. बुधीबाईसुद्धा. खोटं कशाला बोलू, मीही.

मला वाटलं शेठ शिव्या देतील. ते म्हणाले, "त्यांनी दुकान नाय घालायचं असं थोडंच हाय? बाजार हाय. आन सूट खोटी नाय, देतात ते. फक्त आधी फुगा फुगवतात, मग टाचणी दाखवतात." सकाळी आठाला शटर वर, रात्री आठाला खाली. मधले बारा तास फळीमागे बसून रस्ता बघायचा. त्यांचं 'भाव करा' हळूहळू कुणाच्या कानावर पडेनासं झालं. एसटीत चढताना मी मुद्दाम दुसरीकडे बघायची.

आता माझी एक लबाडी सांगते. मला ब्लडप्रेशर आहे. रोज एक गोळी. पण दहा गोळ्यांचं पाकीट, सूट धरूनसुद्धा शंभराच्या आसपास जातं, आणि पुण्याच्या मुलाकडे मागायचं माझ्या जिवावर येतं. तो देईल, पण त्याआधी 'आई, किती लागतात?' असं विचारेल, आणि तो प्रश्न मला नको असतो. म्हणून मी सोय लावली होती. एक दिवस गोळी, एक दिवस देवाचं नाव. कुणाला कळायचं कारणच नव्हतं. काचेच्या दारातला माणूस तर मान वर करूनही बघत नाही.

भाद्रपद संपत आला होता. दुपारी तांदूळ निवडत ओटीवर बसले होते, तर समोर बाळारामशेठ. शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. ऐन दुपारी दुकान बंद करून आलेले. पंचवीस वर्षांत प्रथमच माझ्या दारात.

"शेठ? बसा ना. काय झालं?"

ते बसले नाहीत. म्हणाले, "गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमी समोर गेलात. प्रेशरचं पाकीट घेतलंत. दहाचं."

"तुम्हाला कसं..."

"परत आज सकाळी गेलात. मधी वीस दिवस. आक्का, दहा गोळ्या वीस दिवस पुरत नाय. मला बसून दुसरं काम काय हाय? रस्त्यापलीकडं कोण जातो, किती दिवसांनी जातो, एवढंच बघतो."

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "अहो, मला मेलीला एवढ्यानंही बरं वाटतं."

तेव्हा ते ओटीच्या कडेवर टेकले. टोपी नव्हती डोक्यावर, तरी ती सारखी करावी तसा हात फिरवला. मग माझ्या सुपाकडे बघत बोलायला लागले.

"सुमनला हार्टच्या गोळ्या होत्या, तुमाला ठाऊक हाय."

"हो की."

"मी दुकानातनं घरी न्यायचो. आन मोठेपणा मिरवायचो. म्हणायचो, बघ, राणीसारखी गोळी खातेस, एक गोळी तीस रुपयाची! तेवढंच छापलं होतं त्यावर. मला ती पडायची सहाला. ते तिला कधी बोललो नाय. घरात कोण बोलतं? आन खरं सांगू का, तिचं तोंड बघायला बरं वाटायचं. नवरा एवढं करतो म्हणून."

मी सूप खाली ठेवलं.

"ती गेल्यावर तिचा पानाचा डबा उघडला. सुपारीच्या खणात सगळ्या अर्ध्या अर्ध्या गोळ्या. अडकित्त्यानं कातरलेल्या. अर्धी आज खायची, अर्धी उद्याला ठेवायची. मला खर्च नको म्हणून. डॉक्टर म्हणाले, त्यानं काय फरक पडला नसता. डॉक्टर चांगला माणूस हाय."

मी आपली, "चहा ठेवू का?" म्हणाले.

"नको. दुकान उघडं... बंद हाय." ते उठले. पायरी उतरताना न बघताच म्हणाले, "एकदा तरी भांडली असती माझ्याशी. म्हणाली असती, एवढी महाग कशी, कमी कर. मी लगेच सांगितलं असतं, आक्का. लगेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी, कालचं पाकीट घरात असूनही, मी स्टँडवर गेले. रस्ता ओलांडला नाही. शेठ फळीमागे होते. सर्टिफिकेट होतं, फोटो होता, न उठणारं पेनही होतं. चिठ्ठी पुढे ठेवली.

"औषध हेच, कंपनी दुसरी," ते म्हणाले. "चालेल का ते डॉक्टरला फोन करून विचारलंय मी. किंमत एकशेवीस."

मी पाकीट हातात घेतलं. उजेडात धरलं. नाक मुरडलं. "ही असली फिकट गोळी? एकशेवीसला? वीस देईन."

त्यांच्या भुवया वर गेल्या. किती दिवसांनी गेल्या असतील कोण जाणे. "वीस? आक्का, लाज हाय का? शंभर."

"तुमच्या वयाचा मान ठेवून पंचवीस."

"नव्वद. घ्यायचं तर घ्या."

"ठेवा तुमच्यापाशी," म्हटलं आणि पाठ फिरवली.

चालू लागले. एक पाऊल, दोन. समोरच्या काचेत माझं पातळ दिसत होतं. आळेफाट्याची एसटी आली, चार माणसं उतरली, मी त्यांच्यातनं वाट काढली. पाच, सहा. मागे बघायचं नाही, हा नियम. सात. हाक येईना. आठव्याला मी जरा रेंगाळले, गुडघे दुखायचं निमित्त होतंच. मनात आलं, या माणसाला आता सवयच राहिली नसेल. दोन वर्षांत त्याच्या दुकानातून पाठ फिरवून गेलं कोण, की त्यानं हाक मारावी?

नऊ.

"आक्काऽऽ!"

केवढ्यानं ओरडले! ढाब्यावरचा माणूस झारा हातात धरून बघायला लागला. एसटीचा कंडक्टर पायरीवरून वळला. आवाज मध्येच चिरकला होता.

"या परत! तुमचाच भाव!"

मी लगेच वळले नाही. म्हटलं, आणखी एकदा हाक मारू दे.