बर्वे मॅडम आणि माणसांचे ठिपके

आमच्या बर्वे मॅडम कोणाशीही बोलण्याआधी त्याच्या खांद्याला बोट लावून बघायच्या. "पडद्यावर दिसताय. जागेवर आहात का, ते बघितलं," असं म्हणून मग कामाचं बोलायच्या.

कोथरूडच्या आमच्या कंपनीत, इमारतीच्या आत माणूस नेमका कुठे आहे ते सांगणारी यंत्रणा बनत होती. वायफाय, ब्लूटूथ आणि अल्ट्रा-वाइडबँड, या तिघांत अचूक कोण ते ठरवायचं काम मॅडमकडे होतं. तिन्हींचे बिल्ले गळ्यात अडकवून त्या ऑफिसभर फिरायच्या, फरशीवर खडूने फुल्या मारायच्या. वायफाय त्यांना खुशाल वरच्या मजल्यावर दाखवायचं. ब्लूटूथला खोली कळायची, पण मधे कोणी आलं की पडद्यावरचा त्यांचा ठिपका डगमगायचा.

"कुलकर्णी, जरा मधे उभे राहा. माणसातल्या पाण्याने सिग्नल अडतो, आणि तुमच्यात पाणी भरपूर आहे."

कुलकर्णी निमूट उभे राहायचे.

तिसरं मात्र वीतभरही चुकत नव्हतं. खुर्ची सरकवली की ठिपका सरकायचा. मॅडम त्या ठिपक्याकडे बघत राहायच्या आणि मी मॅडमकडे. अचूकपणाचा एवढा ध्यास मी कोणात पाहिला नव्हता.

मग एका कारखान्याचे अधिकारी आले. आग लागली तर आत कोण अडकलंय ते कळायला हवं, म्हणाले. चहा झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पॅकिंगच्या बायका बाथरूममध्ये फार वेळ काढतात. तेही दिसेल ना?"

आमचे साहेब हो म्हणणार, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "आपण ब्लूटूथ घ्या. आगीसाठी खोली कळली की पुरे. बाथरूममधला ठिपका आगीची घंटा वाजली तरच दिसेल. एरवी नाही."

"पण सगळ्यात अचूक तर तिसरं आहे ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आहे. म्हणूनच नको म्हणते."

साहेबांचा चेहरा बघवत नव्हता. अधिकाऱ्यांनी दोन दिवस विचार केला आणि मॅडमच्या अटीसकट ब्लूटूथच घेतलं. साहेब मात्र पुढे बरेच दिवस मॅडमशी कामापुरतंच बोलत होते.

त्याच सुमारास एका संध्याकाळी मॅडम पार्किंगमध्ये स्कूटर काढत होत्या. मी विचारलं, "मॅडम, ऑर्डर गेली असती तर?"

"गेली असती." त्यांनी हेल्मेटचा पट्टा लावला. "माझी आई बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. वडील गेले, त्यानंतर ती रडायला तिथल्या बाथरूममध्ये जायची. मी नोकरीला लागल्यावर तिने सांगितलं. घरी आम्ही असायचो ना."