ऐंशीच्या पुढची थरथर

कचरूराव साळवे यांच्या हातून आजवर एकही दोष सुटलेला नव्हता. हे त्यांचंच म्हणणं होतं, आणि ते दिवसातून दोनदा तरी ऐकावं लागे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी तेहेतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. नगावर टाचणीच्या टोकाएवढं जरी काही जास्तीचं चिकटलेलं दिसलं, तरी नग बाद. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण बाद करायची खोड काही निवृत्त झाली नव्हती. बायकोची, सुंदराबाईंची, आमटीसुद्धा ताटात पडण्याआधी तपासली जाई.

त्यांची मुलगी शर्मिला हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत होती. २००३ साली तिने एक जुनी, पांढरी, छोटी गाडी घेतली. पारखून दिली रोहनने. हा तिच्याच कंपनीतला मुलगा, आणि लग्न करीन तर याच्याशी, असं तिने आईच्या कानावर घातलं होतं. आईने ते कचरूरावांपर्यंत पोचवलं.

"आधी गाडी तपासतो, मग मुलगा," कचरूराव म्हणाले.

पहिल्याच रविवारी त्यांनी गाडी धुवायला घेतली. चारही चाकं काढून, घासूनपुसून लख्ख केली. चाकांच्या कडेला शिशाचे बारके तुकडे बसवलेले दिसले. जास्तीचं काही चिकटलेलं या माणसाला कधी खपलंय? एकेक तुकडा स्क्रू ड्रायव्हरने उचकटला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

पुढच्या शनिवारी तिघं एक्सप्रेस वेने लोणावळ्याला निघाली. साठपर्यंत गाडी गुणी लेकरासारखी चालली. ऐंशीला स्टिअरिंग थरथरायला लागलं. नव्वदला सुंदराबाईंच्या बांगड्या आपोआप वाजायला लागल्या.

"सोमवारी गॅरेजला दाखवते," शर्मिला म्हणाली.

"घरात तपासनीस असताना गॅरेज?"

झालं. कचरूरावांनी नवी वही उघडली आणि तीन शनिवार तपासणी चालली. सुंदराबाईंच्या हातात पाण्याने भरलेला पेला दिला. पाणी किती वेगाला हिंदकळतं ते बघायचं होतं. साठला पाणी शांत होतं, पंचाऐंशीला ते सुंदराबाईंच्या पातळावर आलं. मग त्यांना पुढून मागे बसवलं, डावीकडून उजवीकडे, मग मधोमध.

"अहो, मी बायको आहे तुमची, पासंग नाही," त्या म्हणाल्या.

तेही वहीत लिहिलं गेलं. रस्ता निर्दोष, शर्मिलाचा हात निर्दोष, सुंदराबाईही नाइलाजाने निर्दोष. स्वतःचं नाव यादीत घालायचं कचरूरावांच्या मनातही आलं नाही. तपासनिसाला कोण तपासणार? उरला तो गाडी पारखून देणारा.

रविवारी रोहनला चहाला बोलावलं. अंगणात "जय भीम काका" म्हणून तो आधी गाडीपाशी उकिडवा बसला. चारही चाकं त्याने नीट न्याहाळली. उठला, काही बोलणार होता, पण दारात उभ्या शर्मिलाकडे बघून थांबला.

"काका, स्वारगेटजवळ चाकं बॅलन्स करून देतात. एकदा दाखवू या का?"

"आता दाखवून काय उपयोग? घेताना बघायला हवं होतंस." कचरूरावांनी वही उघडून तीन आठवड्यांचा अहवाल सगळ्यांसमोर वाचला. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "ज्याला साधी गाडी पारखता येत नाही, तो माझ्या मुलीचा संसार काय करणार? बाद."

रोहनने चहा संपवला, कप आत नेऊन ठेवला आणि निरोप घेऊन गेला. कंपनीच्या अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या कामाला तो तोवर नाही म्हणत होता. त्या आठवड्यात त्याने हो म्हणून टाकलं. शर्मिला वडिलांशी कामापुरतं बोलू लागली, आणि तसं कामही फारसं नसायचं.

कचरूराव स्वारगेटला गेले ते रोहनविरुद्ध लेखी पुरावा आणायला. दुकानाचा मालक रतनशेठ. त्याने चाकाकडे एक नजर टाकली.

"वजनं कुठायत काका? चाक सारखं फिरावं म्हणून शिशाची वजनं ठोकतात. ती नसली की वेगात गाडी थरथरणारच. कुठल्या शहाण्याने काढली?"

"जुन्या मालकाने," कचरूराव म्हणाले. आयुष्यात इतक्या झटपट ते कधी खोटं बोलले नव्हते.

तासाभरात नवी वजनं बसली. गाडी शंभरला गेली तरी स्टिअरिंग ढिम्म हललं नाही. त्याच संध्याकाळी घरी सगळं सांगून टाकायला हवं होतं. त्यांनी फक्त "दुरुस्त झाली" एवढंच सांगितलं. उद्या सांगू, उद्या सांगू करत अकरा दिवस गेले. स्वतःची चूक लपवणारा माणूस त्यांनी कारखान्यात एक दिवस ठेवून घेतला नसता. हे त्यांना कळत होतं, आणि रात्रीचं जेवण जात नव्हतं.

रोहनला मुंबईच्या विमानतळावर सोडायला शर्मिला निघाली, तेव्हा "मीही येतो" म्हणून कचरूराव मागे बसले. गाडीत बोलायचं ठरवलं होतं. घाट गेला, पनवेल गेलं, वाशीचा पूल गेला. शेवटी विमानतळावर शर्मिला ट्रॉली आणायला गेली, तेव्हा ते म्हणाले,

"रोहन, ती वजनं मी काढली होती."

"माहीत आहे काका. चाकांवर ताजे ओरखडे होते."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"शर्मिला समोर होती. पप्पांच्या हातून दोष सुटत नाही, असं ती ऑफिसात सगळ्यांना सांगते." मग त्यांच्या हातातली बॅग घेत तो म्हणाला, "येतो काका."

कचरूरावांना फार वाईट वाटलं. असा माणूस आपल्या दारात येऊन चहा पिऊन गेला आणि आपण त्याला वही वाचून दाखवली. काचेच्या दारातून तो आत दिसेनासा झाला, तरी ते तिथेच उभे होते.

परतताना त्यांनी शर्मिलाला सगळं सांगितलं. शिसं, स्क्रू ड्रायव्हर, रतनशेठ, ते अकरा दिवस. काटा ऐंशीवर होता आणि गाडी अजिबात हलत नव्हती.

"मुलगा पास आहे गं," ते हळूच म्हणाले. "कळवू का त्याला तसं?"

शर्मिलाने पुढचा ट्रक मागे टाकला.

"कळवा ना," ती म्हणाली. "पण माल रवाना झाला, पप्पा."