भिलाआप्पांचा अंगठा

भिलाआप्पांचं अक्षर म्हणजे छापील. सुरतेत बमरोलीतल्या आमच्या चाळीत कुणाची चिठ्ठी लिहायची असो की कुणाला पेपर वाचून दाखवायचा असो, आप्पाच लागायचे. आणि हाच माणूस पगाराच्या दिवशी कारखान्याच्या वहीवर अंगठा उठवायचा! हिशेब बघणारे मेहताजी हैराण. "अरे आप्पा, तमने तो लखतां आवडे छे ने?" आप्पा गंभीरपणे सांगायचे, "भूली गयो." मग शाईचा अंगठा डोक्याच्या केसांना पुसून पुन्हा यंत्रमागावर.

दुसरं वेड खाकीचं. खाकी कपडा दिसला की आप्पा गायब. एकदा विजेचं मीटर बघायला खाकी शर्टातला माणूस आला, तर आप्पा संडासात जाऊन बसले. बाहेर रांग लागली तरी निघेनात. आतून त्यांच्या अहिराणीत सारखं विचारत होते, "चौकशी उनी का?" चौकशी आली का, म्हणून. आम्ही पोट धरून हसलो. पुढे मी तर मुद्दाम त्यांच्या मागे जाऊन ओरडायचो, "आप्पा, चौकशी उनी!" तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल.

खरं काय ते एका सुट्टीच्या दिवशी त्यांनीच सांगितलं. खान्देशात त्यांच्या गावी गारपीट झाली होती, उभा गहू आडवा झाला. शेत आप्पांच्या नावावर, पण तिथे राबायची त्यांची विधवा वहिनी. पंचनामा झाला, सरकारी मदत आली, चावडीवर वाटप सुरू झालं. खातेदार सुरतेत. घरचं सगळं वहिनीच बघायची, त्यामुळे तिला यात काही वावगं वाटलं नाही. नाव पुकारलं तसं तिने आप्पांच्या नावापुढे आपला अंगठा उठवला आणि मदत घेऊन घरी आली. मग भाऊबंदांपैकी कुणीतरी अर्ज ठोकला, की खातेदाराला तर सही येते, मग हा अंगठा कुणाचा?

त्या दिवसापासून आप्पांनी सही सोडली. चौकशीला आलेल्या साहेबाने विचारलं तर छातीठोकपणे सांगायचं, "आंगठा मनाच शे," माझाच आहे. पुरावा म्हणून कारखान्याची वही होतीच.

मी पडलो शहाणा. म्हटलं, "आप्पा, प्रत्येकाच्या अंगठ्याच्या रेषा वेगळ्या असतात. भिंगाखाली धरून बघतात." आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. दोन दिवस त्यांना घास गेला नाही. मला माझ्या जिभेचा संताप आला.

आठवड्याभरात गावाहून पत्र आलं: आप्पा आणि वहिनी, दोघांनी तहसील कचेरीत हजर राहायचं. सकाळच्या गाडीला त्यांना सोडायला मी उधना स्टेशनवर गेलो. त्यांचं बोचकं भलतंच मोठं होतं.

"एवढं काय घेतलंत, आप्पा?"

"घोंगडी. जेलमा थंडी लागस."

बोचक्यातून आणखी एक घोंगडी डोकावत होती, नवी कोरी. "आणि ही कुणाला?"

आप्पा खिडकीचा गज घट्ट धरून बसले होते.

"माय गयी तवय मी धाकला व्हतू. वहिनीनीच माले मोठा कया," ते म्हणाले. "साहेबनी मनं आयकं नही, आनि तिलेच लई गयात, तं? तिले थंडी सहन व्हत नही, भाऊ."

गाडी हलली. माझ्याकडे तिकीट नव्हतं आणि कारखान्यात दुपारची पाळी होती. मी चढलो.