परातीवरचं नाव

"आधी चहा उतू न घालवता करून दाखवा, मंग खिम्याचं बोला," मीना नवऱ्याला म्हणाली, आणि अंगदचं डोकं सणकलं. तिचा भाऊ संपत बदनापूरहून दुपारी जेवायला येणार होता.

"आज अंडी-खिमा मीच करनार! भट्टीत भाजून! तू निस्तं ताट घिऊन बस."

बोलून तर बसला, आता माघार कसली! मोबाइलवर बघून त्यानं खिमा परतला, त्यात ढोबळी मिरची, गाजर, पालक घातला, वर सहा अंडी फेटून ओतली. घरात ओव्हन नव्हता. पण जालन्यात नानकटाई भाजायला लोक बेकरीच्या भट्टीवर नेतातच की! लग्नात आलेली स्टीलची खोल परात त्यानं बेकरीत भट्टी सांभाळणाऱ्या अकिबच्या हवाली केली. तासाभरानं येऊन बघतो तर परात गायब!

"ती तर मी घरपोच देऊन आलो," बेकरीचे मालक सिराजोद्दीनभाई म्हणाले. "टोस्ट टाकायला तिकडंच चाल्लो व्हतो."

"माझ्या घरी?"

"बद्रीनाथ मामांच्या. काठावर नाव कोरेल व्हतं ना, बराबर वाचलं मी."

"अवो भाई, ते आहेर देनाऱ्याचं नाव असतंय!"

बद्रीनाथ म्हणजे मीनाचे सख्खे मामा, आणि प्रभावतीमामी म्हणजे अंड्याचं नाव निघालं तरी चूळ भरणारी बाई. आता सासरी तोंड दाखवायची सोय राहिली नाही! अंगदनं गाडीला किक मारली.

दार मामांनीच उघडलं. मिशीला पिवळं लागलेलं, हातात घासूनपुसून लख्ख केलेली परात.

"हळू बोला! मामी भजनाला गेल्ती, येतच असंल."

"मामा, सगळं खाल्लं?"

"लग्न झाल्यापासून खिम्याचा वास न्हाई घेतला, जावईबापू. काय हात हाय तुमचा! हाटेलात असं भेटत न्हाई." मामांनी हात जोडले. "पन मीनाला कळलं की मामीला कळलं. बिलकुल बोलू नका."

अंगदच्या अंगावर मूठभर मांस चढलं आणि तिथंच उतरलं. एवढा झकास पदार्थ जमला, आणि सांगायची चोरी!

घरी संपत येऊन बसला होता.

"भट्टीत समदं जळालं," अंगद कसाबसा म्हणाला. "परात तेवढी घासून आनली."

"वाटलंच मला. पिठलं करून ठेवलंय मी." मीनानं परात उजेडात धरून फिरवली. तिचे डोळेच चमकले. "पन अगं बाई, भांडी काय लख्ख घासता वो तुम्ही! आजपासून हे काम तुमचं."