रोडग्यांची सुनावणी

"सोमवारी, पंचवीस तारखेले, पोरगी नोकरीवर हजर होऊन राह्यली. म्हून तेवीसच्या शनिवारी मारुतीपुढं रोडगे," सुभद्राबाईंनी जाहीर केले. त्यांची लेक प्रतीक्षा दोन वर्षे स्पर्धा परीक्षेच्या मागे होती. पोरगी पास झाली तर तिच्या हाताने अख्ख्या गल्लीला गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे वाढीन आणि गल्लीतला शेवटचा माणूस जेवून उठेपर्यंत स्वतः अन्नाला शिवणार नाही, असा नवस त्या बोलून बसल्या होत्या. आता संग्रामपूरची नेमणूक हातात आली होती. पोरगी एकदा तिकडे गेली की सुटी कधी मिळेल आणि नवस कधी फिटेल, हे मारुतीलाच ठाऊक.

मारुती गल्लीत रस्ता बंद करणे म्हणजे तोंडाशी एक बैलगाडी आडवी लावणे. लग्न, बारसे, तेरवी, सगळे याच परवानगीवर वर्षानुवर्षे पार पडत आले होते. पण सुभद्राबाईंचे यजमान रंगराव हे पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले. ज्या माणसाने बत्तीस वर्षे लोकांच्या अर्जांत त्रुटी काढल्या, त्याच्याच घरचे जेवण बिनपरवानगी रस्त्यावर? त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि नगर परिषदेत गेले.

"कायची परवानगी, काका?" तिथला कारकून गोकुळ म्हणाला.

"रस्ता बंद करण्याची. सार्वजनिक भोजनासाठी."

"लावा ना मंग गाडी आडवी. कोन काय म्हनते?"

"नियम हाय ना, बाबू!"

"असन. पण असा अर्ज आजपावतर कोनी केलाच नाही. काय काय लागते थे तुम्हीच सांगा."

इथेच घात झाला. निवृत्तीनंतर चार वर्षांत रंगरावांना कोणी काही विचारले नव्हते. घरी तर कोणती भाजी करायची हेसुद्धा नाही. त्यांनी गोकुळच्या शेजारची खुर्ची ओढली, कोरा कागद घेतला आणि समास सोडून लिहायला बसले. पोलिसांचे ना-हरकत. रुग्णवाहिकेसाठी पर्यायी मार्ग. हात गरम झाला होता, लेखणी थांबेना. शेवटी त्यांनी लिहिले की जाहीर सूचना लावून सात दिवसांत हरकती मागवाव्यात आणि हरकत आल्यास रीतसर सुनावणी घेतल्याखेरीज परवानगी देऊ नये. हे शेवटचे कोणी मागितले नव्हते. पण त्याशिवाय कागद त्यांना उघडाबोडका वाटला असता. गोकुळने तो साहेबांपुढे ठेवला आणि साहेबांनी न वाचता सही केली.

सूचना मारुतीच्या भिंतीवर लागली. गल्लीने ती घोळक्याने वाचली. रोडग्यांच्या जेवणाला हरकत असते, हे लोकांना त्या दिवशी कळले.

संध्याकाळी शेजारचे कडूबा आले. त्यांचा भाजीपाल्याचा मळा होता आणि जेवणाची वांगी तेच देणार होते. त्यांनी बनियनच्या खिशातून एक चुरगळलेला कागद काढला.

"भाऊ, मी हरकत देऊन राह्यलो."

"तू? काऊन बे, कडूबा? तुले जेवाचं नाही काय?"

"जेवाचं तं हायच ना! पण सरकारनं भितीवर लिहून मागतली. कोनीच नाही देली तं बरं दिसते काय? पाहा बरं, जमली का."

रंगरावांनी कागद पाहिला. 'माझी हातगाडी दहाले जाते' एवढेच लिहिले होते. खाली तारीख नाही, विषय नाही, संदर्भ नाही. रंगरावांना राहवेना.

"अशी असते काय हरकत? आण इकडं." आणि त्यांनी ती नव्याने लिहून दिली. अर्जदाराचे उपजीविकेचे एकमेव साधन, बाजाराची वेळ, होणारी अडचण, सारे परिच्छेदवार. कडूबा वाचून इतके खूष झाले की त्यांनी तो कागद गल्लीभर दाखवला.

दुसऱ्या दिवशी रंगरावांच्या ओट्यावर रांग लागली. अन्नपूर्णाबाईंच्या दारापुढे नळाची पाइपलाइन दोन वर्षांपासून गळत होती. तिथल्या चिखलात पंगत कशी बसणार, ही त्यांची हरकत. रंगरावांनी ती दीड पान लिहिली. डास, संभाव्य साथ, वाया जाणारे पाणी आणि 'अनुचित प्रकार घडल्यास त्यास प्रशासन सर्वस्वी जबाबदार राहील' हे वाक्य त्यांनी ठसठशीत काढले. स्वतःच्याच अर्जाविरुद्ध लिहितो आहोत हे त्यांना कळत होते. पण मसुदा इतका सुरेख उतरत होता की थांबणे जिवावर आले. सात दिवसांत अकरा हरकती झाल्या. अकराही एकाच अक्षरात.

"काका, हरकती लय वजनदार आल्या," गोकुळ कौतुकाने म्हणाला. "सुनावणी लावाच लागते. सत्तावीसच्या बुधवारी ठेवली."

"अरे, जेवण तेवीसले हाय!"

"मंग आधी सुनावणी झाल्याबिगर परवानगी कशी देऊ? तुमीच लिहून देलं ना."

रंगराव घरी आले ते चोरासारखे. प्रतीक्षाने कपाळावर हात मारला. सुभद्राबाई पीठ चाळत होत्या, त्यांनी चाळणीही थांबवली नाही.

"मी नवस मारुतीले बोलली," त्या म्हणाल्या. "नगर परिषदेले नाही बोलली. शनिवारी रोडगे होतीन."

"मग मी जेवणार नाही. आपल्याच्यानं नियम मोडणं होत नाही," रंगराव ताठ्यात बोलून गेले. बोलल्यावर त्यांना ते थोडे जड वाटले, पण बत्तीस वर्षांची सवय. एकदा शेरा मारला की खोडायचा नाही.

शनिवारी पहाटे सुभद्राबाई आणि प्रतीक्षा मारुतीपुढे गोवऱ्या रचत होत्या, रंगराव खोलीत दार लावून बसले होते, आणि सातच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी घरघर ऐकू आली. रंगरावांनी खिडकीतून पाहिले. नगर परिषदेचा जेसीबी होता. अन्नपूर्णाबाईंच्या हरकतीतले ते ठसठशीत वाक्य वाचून साहेबांना रात्री झोप लागली नव्हती म्हणे. दोन वर्षांत जे झाले नव्हते ते एका कागदाने केले. तासाभरात अन्नपूर्णाबाईंच्या दारापुढे रस्ता आडवा खोदून कमरेइतका खड्डा झाला, मजुरांनी पाइप बदलला, आणि गल्लीच्या तोंडाशी लोखंडी पाटी उभी राहिली: 'काम चालू. रस्ता बंद.'

"अवो!" सुभद्राबाईंनी खिडकीवर थाप मारली. "झाला ना सरकारनंच रस्ता बंद! या आता बाहेर."

"तो पाइपासाठी बंद हाय," रंगराव आतून म्हणाले. "भोजनासाठी नाही. प्रयोजन वेगळं हाय."

"डोक्स्यावर पडले काय?" असे कोणीतरी म्हणाले, बहुधा प्रतीक्षाच.

खड्ड्याच्या अलीकडे गोवऱ्यांचा विस्तव झाला. राखेत रोडगे भाजले, फोडून त्यावर तूप पडले, वांग्याच्या भाजीचा ठसका पार खिडकीतून आत येऊन रंगरावांच्या नाकात बसला. पंगतीवर पंगती उठल्या. हरकत घेणारे अकराही जण जेवले आणि त्यातल्या सहांनी दुसऱ्यांदा पत्रावळ मांडली. जेसीबीचा ड्रायव्हर आणि मजूर जेवले. गोकुळ 'खड्ड्याची पाहणी' करायला आला, तोही जेवला. प्रतीक्षा वाढून वाढून घामाघूम झाली.

तीन वाजता सगळे शांत झाले. दाराची कडी वाजली. रंगरावांनी उघडले तर सुभद्राबाई. तोंड सुकलेले, ओठांना कोरड, हातात रिकामी पत्रावळ.

"जेवली नाही तू?" रंगरावांनी विचारले.

"कशी जेवू? गल्लीतला एक माणूस उपाशी हाय अजून."

"कोण हाय तो? नाव सांग, बोलावून आणतो!"

सुभद्राबाईंनी रिकामी पत्रावळ त्यांच्यापुढे धरली. रंगरावांना उमजायला जरा वेळच लागला, आणि उमजल्यावर मात्र त्यांना भारी लाज वाटली. सकाळपासून आपण खोलीत नियम सांभाळत बसलो आणि बाहेर ही बाई आपल्यासाठी उपाशी उभी. बत्तीस वर्षांत आपण किती जणांना असेच दाराशी उभे ठेवले असेल, असेही त्यांच्या मनात येऊन गेले. ते निमूट बाहेर आले आणि खड्ड्याच्या कडेला मांडी घालून बसले. पहिला घास घेतला तेव्हा त्यांना कळले की ताठा आणि भूक एका पोटात मावत नाहीत. तीन रोडगे खाऊन ते उठले, तेव्हा कुठे प्रतीक्षाने आईला वाढले. आईने लेकीकडे पाहत घास घेतला आणि दोघींचे डोळे भरून आले. नवस फिटला.

सगळी गल्ली खड्ड्याभोवती पान खात रेंगाळली होती. गाड्यांचा धूर नाही, हॉर्न नाही. म्हाताऱ्यांनी बाजा रस्त्यात टाकल्या होत्या. कडूबा खाकरले.

"भाऊ, येत्या गुरुवारी नातवाचं बारसं हाय. अन्नपूर्णाकाकूच्या घरी पुढच्या हप्त्यात कथा हाय. रस्ता असाच बंद राह्यला तं लय बरं होईन. तुमच्या अक्षरात एक अर्ज लिहून द्या ना नगर परिषदेले."

एकाने वहीचे पानही पुढे केले. रंगरावांनी ते घेतले, त्याची घडी केली आणि गुडघ्याखाली दाबून ठेवली.

"येडा झाला काय बे, कडूबा?" ते हळू आवाजात म्हणाले. "अर्ज केला तं उद्या सकाळी येऊन गड्डा बुजवतीन. चूप बसा सारे. काहीच लिहून नाही देलं, तं दिवाळीपर्यंत रस्ता बंदच राह्यते."